‘बहुजन विहार’ : एका पाटीवरील दोन शब्द

१९३७ साली धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगार वस्तीत एक विहार स्थापन केला आणि त्याला ‘बहुजन विहार’ असे नाव दिले. जुगलकिशोर बिर्ला यांच्या द्रव्यसाह्याने ती वास्तू उभी राहिली, कोसंबींचे तेथे काही काळ वास्तव्य झाले आणि पुढे तिची व्यवस्था महाबोधि सोसायटीकडे गेली. हा इतिहास आपल्या वाचकांना अपरिचित नाही. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र ती वास्तू नसून तिच्या नावातील दोन शब्द हा आहे. ‘बहुजन’ आणि ‘विहार’ या दोहोंचे अर्थ कोसंबींच्या पूर्वीच बदललेले होते, त्यांच्यानंतर ते पुन्हा बदलले आणि आजही बदलत आहेत. आपल्या सभांतून, पालीच्या वर्गांतून आणि नियतकालिकांच्या पानांतून शब्दार्थावरून जे वाद माजतात आणि त्यांतून कधी कधी जी कटुता उत्पन्न होते, तिचे मूळ शोधण्यासाठी परळच्या या पाटीपासून आरंभ करणे मला सोयीचे वाटते.

प्रथम ‘बहुजन’ हा शब्द घेऊ. कोसंबी हे त्रिपिटकाचे व्यासंगी अभ्यासक. पहिल्या भिक्खूंना चारिकेस पाठविताना तथागतांनी बहुजनांचे हित आणि बहुजनांचे सुख ही प्रयोजने सांगितली, तो विनयपिटकातील प्रसंग त्यांच्या मनात असणार हे उघड आहे. तेथे ‘बहुजन’ म्हणजे पुष्कळ लोक, एवढाच सरळ अर्थ आहे. त्या शब्दात जात नाही, वर्ग नाही, मतांची बेरीजही नाही. परंतु १९३७ च्या परळमध्ये हा शब्द इतका मोकळा राहिलेला नव्हता. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळींनी ‘बहुजन समाज’ हा शब्दप्रयोग घरोघर पोहोचविला होता. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९२० साली ‘बहुजन पक्ष’ काढला होता. शेतकरी, कारागीर, कामकरी अशा श्रमणाऱ्या ब्राह्मणेतर जनतेचा तो वाचक शब्द झाला होता. मात्र त्या बहुजनांत अस्पृश्यांची गणना प्रत्यक्ष व्यवहारात कितपत होत असे, याचे उत्तर परळच्या गिरण्यांतच मिळत होते. साचेखात्यात धोट्यातील कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. या कारणास्तव त्या अधिक मजुरीच्या खात्यात अस्पृश्य कामगारांना घेतले जात नसे, आणि १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे मांडला होता. म्हणजे एकाच गिरणीत ‘बहुजन’ म्हणविणारा साचेवाला आणि त्या साच्याला हात लावण्याची मुभा नसलेला कामगार हे दोघेही होते. कोसंबींची पाटी दोघांनीही वाचली असेल. दोघांनी त्यातून एकच अर्थ घेतला असेल असे मानण्यास मी तयार नाही.

पुढे १४ एप्रिल १९८४ रोजी कांशीराम यांनी बहुजन समाज पक्षाची स्थापना केली, आणि अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्गीय व धार्मिक अल्पसंख्य यांची राजकीय बेरीज हा ‘बहुजन’ शब्दाचा तिसरा अर्थ रूढ झाला. आज एखाद्या तरुणाला त्या विहाराचे नाव सांगितले की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम निळा झेंडा आणि हत्ती उभा राहतो. त्यात त्याचा दोष काही नाही. शब्द त्याला ज्या दाराने भेटला त्याच दाराने तो आत जाणार.

‘विहार’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मराठीत ‘विहार’ म्हणजे हिंडणे, रमणे. नौकाविहार, वनविहार, आहारविहार हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत. आणि मुंबईकरांना तर विहार म्हटले की १८६० च्या सुमारास बांधून झालेला, शहराला नळाचे पाणी देणारा तलावच आठवे. पालीत ‘विहरति’ म्हणजे राहणे, कालक्रमणा करणे. मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा यांना ‘ब्रह्मविहार’ म्हणतात, तेथे कोणतीही इमारत अभिप्रेत नाही. चित्ताने कोठे राहावे हे त्यात सांगितले आहे. त्यापासून भिक्खूंच्या निवासस्थानाला विहार म्हणू लागले आणि अशा निवासांनी गजबजलेल्या एका संपूर्ण प्रांताला पुढे बिहार हे नाव मिळाले.

आपल्या महाराष्ट्रातील लेण्यांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी येथील प्राकृत शिलालेखांत ‘लेण’, ‘चेतियघर’, पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ असे शब्द येतात. हे त्या काळच्या दात्यांच्या तोंडचे शब्द, आणि त्या दात्यांत सुतार, लोहार, माळी, व्यापारी असे सर्व थरांतील लोक होते. ‘हे चैत्यगृह आणि तो विहार’ अशी जी काटेकोर विभागणी आपण अजिंठ्याच्या वाटाड्याकडून ऐकतो, ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातील फर्ग्युसन व बर्जेस यांसारख्या पुरातत्त्वज्ञांनी पक्की केली. स्तूप असलेले पूजास्थान ते चैत्यगृह, मधल्या चौकाभोवती भिक्खूंच्या खोल्या असलेला तो विहार. अभ्यासासाठी ही विभागणी उपयुक्त आहे, यात संशय नाही.

आता याच कसोटीवर आपला विहार घासून पाहा. १९५६ नंतर महाराष्ट्रात गावोगावी, मुंबईत तर चाळीच्या तळमजल्यावरील एखाद्या खोलीत, जे विहार उभे राहिले त्यांत बहुधा एकही भिक्खू राहत नाही. तेथे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, त्रिसरण-पंचशील होते, वाचनालय चालते, मुलांचे वर्ग भरतात, मंगलपरिणय ठरतात, मयताची वर्गणी गोळा होते. पुरातत्त्वाच्या परिभाषेत याला विहार म्हणताच येणार नाही. ते चैत्यगृहाच्या अधिक जवळ जाते. उलट दादरच्या समुद्रकाठी ज्या ठिकाणी ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या देहाला अग्नी देण्यात आला, त्या स्थानाला आपल्या लोकांनी दिलेले ‘चैत्यभूमी’ हे नाव परिभाषेच्या दृष्टीने अगदी चोख आहे. चितेच्या जागी, अस्थींवर उभारलेले स्मारक म्हणजेच चैत्य. एक शब्द आपण ‘चुकीचा’ वापरला, दुसरा कोणत्याही पंडिताने मान डोलवावी इतका अचूक वापरला. आणि दोन्ही वेळा कोश उघडून कोणी पाहिला असेल असे दिसत नाही.

सिंहलद्वीपातून आलेल्या एका भिक्खूंना आमच्या भागातील एक विहार दाखविण्याचा प्रसंग मजवर आला होता. त्यांनी आत येऊन वंदन केले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “येथे भिक्खू किती राहतात?” “एकही नाही” असे उत्तर ऐकून त्यांच्या मुद्रेवर जो गोंधळ उमटला तो मला अजून स्मरतो. त्यांना राग आला नाही. पण आपली फसगत झाली की काय, अशी शंका त्यांच्या मनात डोकावून गेली असावी. माझ्या शेजारी उभे असलेले आमचे कार्यकर्ते मात्र मनातून दुखावले. “आम्ही घाम गाळून उभारलेला विहार यांना विहार वाटत नाही काय?” असा त्यांचा भाव होता. एकाच शब्दाने दोन सज्जनांना, दोघांचाही अपराध नसताना, असे तिरके उभे केले.

शब्दाचा अर्थ बदलला म्हणून माणसे का चिडतात, याचा विचार मी या प्रसंगानंतर गंभीरपणे करू लागलो. पंडिताच्या चिडण्याचे कारण सोपे आहे. त्याने वर्षानुवर्षे घासून तो शब्द कमावलेला असतो, त्याच्या कडा-कोपऱ्यांसह कमावलेला असतो, आणि बाजारात तोच शब्द कडा झिजलेल्या नाण्यासारखा फिरताना पाहून त्याला आपले श्रम वाया गेल्यासारखे वाटते. त्यात अहंकार असतो, पण सारा अहंकारच असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. परिभाषा ढिली झाली की विचारही ढिला होतो, ही त्याची भीती खोटी नाही.

ज्याला दुरुस्त केले जाते त्याचे चिडणे मात्र अधिक खोल आहे, आणि ते आपल्या विद्वानांनी समजून घेतलेले नाही. एका पालीच्या वर्गात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, “भन्ते उद्या येणार आहेत.” नव्यानेच पाली शिकलेल्या एका तरुणाने त्यांना थांबविले. “आजी, ‘भन्ते’ हे संबोधन आहे. ते फक्त हाक मारताना वापरायचं. ‘भिक्खू येणार आहेत’ असं म्हणा.” व्याकरणदृष्ट्या त्या मुलाचे म्हणणे बिनचूक होते, ‘भन्तेजी’ म्हणणे म्हणजे तर ‘अहो’ या हाकेलाच ‘जी’ लावण्यासारखे आहे. आजी क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बाळा, ज्या नावानं हाक मारते त्याच नावानं मी माघारी बोलते. समोर एक आणि मागं एक, असं आम्हाला कुणी शिकवलं नाही.” वर्गात हशा पिकला, तरुण खजील झाला. पण त्या हशाखाली जे होते ते गंभीर होते. ‘तुमचा उच्चार अशुद्ध, तुमचा शब्द चूक’ हे वाक्य आपल्या समाजाने व्याकरणाच्या वर्गात प्रथम ऐकलेले नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या ग्रंथांचा विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जो उपहास केला, त्यात फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी हे एक मुख्य हत्यार होते. फुले काय म्हणतात याला उत्तर देण्यापेक्षा ते कसे लिहितात याची चेष्टा करणे सोपे होते. शुद्धीच्या नावाने तोंड बंद करण्याचा अनुभव ज्यांच्या गाठी आहे, ते आपल्याच मुलाच्या तोंडून तीच दुरुस्ती ऐकताना दचकतात, यात नवल ते काय?

शिवाय शब्दांची चोरी आणि विटंबना हाही आपल्या इतिहासाचा भाग आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मपंथ. सर्व पासंडांचा आदर करावा असे तो राजा सांगतो. पुढे ब्राह्मणी वाङ्मयात ‘पाखंड’ म्हणजे वेदबाह्य, ढोंगी असा अर्थ झाला आणि मराठीत तर ती शिवी होऊन बसली. अशोकाची स्वतःची पदवी ‘देवानांप्रिय’. संस्कृत वैयाकरणांच्या परंपरेत तिचा अर्थ ‘मूर्ख’ असा सांगितला जाऊ लागला. ज्याच्या नावाने स्तंभ उभे राहिले त्याची पदवी बावळटपणाचा पर्याय व्हावी, हे आपोआप घडलेले अर्थांतर आहे असे मला वाटत नाही. तेव्हा शब्द बदलतो म्हणजे नदी वळण घेते तसा नैसर्गिकपणेच बदलतो, हे भाषाशास्त्रज्ञांचे समाधान आपल्याला पुरेसे नाही. काही वळणे खणून काढलेली असतात.

पण खणणारे हात एकाच बाजूचे नव्हते, हेही तितकेच खरे. परिभाषेचा अर्थ बदलणारे सर्वांत मोठे पुरुष स्वतः तथागत होते. सुत्तनिपातातील वसलसुत्ताचा प्रसंग आठवावा. श्रावस्तीत अग्गिक भारद्वाज नावाचा अग्निपूजक ब्राह्मण तथागतांना दुरून येताना पाहतो आणि ‘वसल’, म्हणजे हीन, चांडाळ असे म्हणून त्यांना तेथेच थांबण्यास फर्मावतो. तथागत त्याच्यावर रागावत नाहीत; ते त्याला विचारतात की वसल कोण आणि माणूस कशाने वसल होतो हे तुला ठाऊक आहे काय? त्याला ठाऊक नसते. मग ते सांगत जातात : जो क्रोधी व वैर धरणारा, जो प्राण्यांची हिंसा करतो, जो कर्ज बुडवितो, जो वृद्ध आईबापांना सामर्थ्य असूनही पोशीत नाही, तो वसल. जन्माचा शब्द त्यांनी कृतीचा केला, आणि चांडाळपुत्र मातंगाचे उदाहरण देऊन तो पुरता उलटविला. ‘ब्राह्मण’ शब्दाचेही त्यांनी असेच केले. धम्मपदातील एक संपूर्ण वग्ग त्यासाठी खर्ची पडला आहे. कूटदन्तसुत्तात ‘यज्ञ’ शब्दाचे, सिगालोवादसुत्तात सहा दिशांचे, आणि ‘कर्म’ म्हणजे चेतना असे सांगून त्या शब्दाचेही तेच केले.

त्या काळचे वेदवेत्ते यावर संतापले नसतील काय? ‘श्रमण गौतमाला ब्राह्मण शब्दाचा अर्थच कळत नाही’ असे एखाद्या आश्रमात निश्चित बोलले गेले असेल. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तथागतांनी अर्थ बदलला तो उघड्यावर बदलला. तुम्ही ज्याला ब्राह्मण म्हणता त्याला मी म्हणत नाही. मी ज्याला म्हणतो तो असा असा आहे, असे प्रत्येक वेळी सांगून बदलला. ऐकणाऱ्याला जुना अर्थ कोणता, नवा कोणता, आणि दोहोंत अंतर का, हे तिन्ही कळत होते. तो नाकारण्यास मोकळा होता. फसविला मात्र जात नव्हता.

हीच कसोटी घेऊन बाबासाहेबांच्या ग्रंथाकडे आणि त्यावरील टीकेकडे पाहावे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. १९५९ साली महाबोधि सोसायटीच्या इंग्रजी मासिकात त्याचे जे परीक्षण आले त्यात ग्रंथाचे नाव बदलून ‘आंबेडकर आणि त्यांचा धम्म’ असे ठेवावे, अशा आशयाची सूचना होती. राजकीय आणि सामाजिक हेतूने लेखकाने जे धम्म नाही ते धम्म म्हणून सांगितले आहे, हा आक्षेप होता. (परळच्या बहुजन विहाराची व्यवस्था याच सोसायटीकडे होती, हा योगायोग मला नेहमी विचारात पाडतो.) आपल्याकडे या परीक्षणाचा उल्लेख निघाला की संतापाखेरीज दुसरे उत्तर क्वचितच दिले जाते. मी ते परीक्षण अन्यायाचे मानतो. पण संताप हे त्याचे खंडन नव्हे.

परीक्षकाचा मूळ समज असा, की ‘धम्म’ शब्दाचा एक ठरलेला खरा अर्थ आहे आणि आंबेडकर त्यापासून ढळले. परंतु असा एकच अर्थ त्रिपिटकात कोठे आहे? तेथे ‘धम्म’ म्हणजे उपदेश, गुण, नियम, चित्तात उठणारी वृत्ती आणि कोणतीही वस्तुजातही. स्वतः बुद्धघोषाचार्यांना या शब्दाचे अनेक अर्थ वेगळे करून सांगावे लागले, तेही पाचव्या शतकात. परीक्षक ज्याला मूळ समजत होते तो परंपरेतील एका थरावरचा अर्थ होता. बाबासाहेबांनी त्याजागी धम्म म्हणजे माणसामाणसांतील संबंधांची नीती असा अर्थ उभा केला; एकटा माणूस धम्मावाचून राहू शकेल, पण दोन माणसे एकत्र आली की धम्माची गरज टळत नाही, असे प्रतिपादन केले. काय धम्म नाही, काय धम्म आहे, काय सद्धम्म आहे, अशी तीन प्रकरणे करून मांडले. आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेतच चार प्रश्न वाचकापुढे ठेवले : परिव्रज्येचे कारण, चार आर्यसत्ये, आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म यांची संगती, आणि भिक्खूचे प्रयोजन. म्हणजे कोणत्या ठिकाणी रूढ अर्थ आपणास मान्य नाही, हे त्यांनी पहिल्या पानांतच सांगून टाकले. ‘धम्मदीक्षा’ या शब्दाचेही तसेच. प्राचीन संघात भिक्खू होणाऱ्याला दीक्षाविधी होता, गृहस्थाला वेगळी धम्मदीक्षा नव्हती; ही मोठी उणीव होती असे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ती उणीव लाखोंच्या साक्षीने भरून काढली. ‘दीक्षा’ हा शब्द सोमयागातला, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल?

मात्र हीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे, आणि येथे मला थोडे अप्रिय बोलावे लागेल. बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथाचे नाव साधे आहे : बुद्ध आणि त्याचा धम्म. मराठी अनुवादाचे नाव झाले ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’. ‘त्याचा’चे ‘त्यांचा’ होणे हा मराठीचा आदर, त्याला हरकत नाही. पण ‘भगवान’? पालीत ‘भगवा’ हे तथागतांचे रूढ विशेषण आहे, राग-द्वेष भग्न केलेला अशी त्याची फोड बुद्धघोषाचार्य देतात. कोसंबींनीही आपल्या ग्रंथाला ‘भगवान बुद्ध’ हेच नाव दिले. शब्द प्राचीन आहे, सन्मानाचा आहे. परंतु मराठी कानाला ‘भगवान’ म्हणजे ईश्वर ऐकू येतो. ज्या ग्रंथात तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेण्याचे नाकारले हे ठासून सांगितले आहे, त्याच्या मुखपृष्ठावर हा शब्द कोणत्याही खुलाशाविना बसला. अनुवादक विद्वान आणि निष्ठावंत होते. त्यांचा हेतू निर्मळ होता. पण येथे अर्थ उघड्यावर बदललेला नाही, तो दाराच्या फटीतून आत आला आहे. आज घरोघरी ‘भगवान पावला’ अशा अर्थाची वाक्ये बुद्धमूर्तीपुढे ऐकू येतात तेव्हा मला त्या मुखपृष्ठाची आठवण होते.

‘धम्म’ शब्दाचेही आपण काय केले? बाबासाहेबांनी तो ‘धर्म’ या शब्दापासून प्रयत्नपूर्वक वेगळा काढला. आपण तो ‘बौद्ध धर्म’ या अर्थाचा पाली पर्याय करून टाकला. धम्मपरिषद म्हणजे बौद्धांची परिषद, धम्मबांधव म्हणजे बौद्ध माणूस. शेजारच्या मराठा किंवा मुसलमान कुटुंबाशी माझे वर्तन कसे आहे हा प्रश्न, जो बाबासाहेबांच्या व्याख्येत धम्माचा पहिला प्रश्न आहे, तो या नव्या वापरात बसतच नाही. हे अर्थांतर कोणी जाहीर केले नाही. ते घडत गेले, आणि त्यावर कोणी चिडलेही नाही.

‘विपश्यना’ हा शब्दही असाच. सुत्तांत तिचा अर्थ विशेष रीतीने पाहणे, अंतर्दृष्टी. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत पहिले शिबिर घेतल्यानंतर आणि पुढे इगतपुरी हे या साधनेचे केंद्र झाल्यानंतर मराठीत ‘विपश्यनेला जाणे’ हा वाक्प्रचार झाला. म्हणजे दहा दिवसांचे शिबिर. शिबिरांविषयी माझे काही म्हणणे नाही. अनेकांना त्यांचा लाभ झाला आहे. पण ‘मी दोनदा विपश्यना केली’ असे कोणी म्हणतो तेव्हा ‘मी दोनदा शहाणपणा केला’ असे ऐकल्यासारखे वाटते खरे.

६ डिसेंबरच्या ‘महापरिनिर्वाण’ शब्दावर पाली पंडितांचा आक्षेप सर्वश्रुत आहे : परिनिर्वाण हा शब्द तथागतांना व अर्हतांना लागू पडतो, आणि ‘महापरिनिब्बानसुत्त’ या नावातील ‘महा’ हे विशेषण सुत्ताचे, परिनिर्वाणाचे नव्हे. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. तरीही हा शब्द मागे घ्यावा असे मला वाटत नाही. लोकांनी तो अज्ञानाने वापरला असेल, पण त्यामागे एक निश्चित विधान होते : या पुरुषाच्या मृत्यूला ‘पुण्यतिथी’ हा शब्द आम्ही वापरणार नाही. तिथी, पुण्य, श्राद्ध या साऱ्या व्यवस्थेला दिलेला तो नकार होता. हा नकार समजावून सांगणे हे विद्वानांचे काम. शब्द हिरावून घेणे नव्हे.

शेवटी पुन्हा परळला येतो. पोयबावडीच्या ज्या चाळीत बाबासाहेबांची उमेदीची वर्षे गेली आणि जेथील दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ च्या सभेत ‘बहिष्कृत’ हा दंडाचा शब्द त्यांनी संस्थेच्या नावात घेण्याचा पाया घातला, तो सारा परिसर आज झपाट्याने बदलतो आहे. गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. लोअर परळला ‘अपर वरळी’ म्हणून विकण्याची कला बिल्डरांना साधली. शब्द बदलून भाव वाढवता येतो हे त्यांना कोणत्याही पाली वर्गाविना कळलेले आहे. जुन्या चाळी पुनर्विकासात जात आहेत, आणि प्रत्येक खोलीचा वापर कागदावर लिहून द्यावा लागतो.

आमच्या चाळीतील विहाराच्या खोलीचा अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा रकान्यात तीन पर्याय होते : निवासी, व्यापारी, धार्मिक. समितीत रात्री उशिरापर्यंत वाद झाला. एकाचे म्हणणे ‘धार्मिक’वर खूण करावी, जागा मिळण्यास सोपे जाईल. दुसऱ्याचे म्हणणे आपला धम्म हा धर्म नव्हे, तेव्हा ते खोटे ठरेल, ‘समाजमंदिर’ लिहावे. ‘मंदिर’ शब्दावर तिसरा उसळला. पाली शिकलेल्या एकाने, येथे भिक्खू राहत नसल्याने याला विहार म्हणणेही शास्त्रशुद्ध नाही, असे सांगितले आणि सर्वांचा रोष ओढवून घेतला. अखेर एका निवृत्त गिरणी कामगाराने पेन मागून घेतले. तिन्ही पर्यायांच्या खाली त्यांनी चौथी ओळ हाताने आखली, तीत ‘विहार’ लिहिले आणि पुढे जोडले : “येथे भिक्खू राहत नाहीत. सकाळ-संध्याकाळ वंदना होते, रात्री दहापर्यंत मुले अभ्यासाला बसतात, आणि चाळीत कोणाचेही मयत झाले तरी सामान येथूनच निघते.” अर्ज तसाच पाठविण्यात आला.